खोल समुद्रातले प्रवाळ आणि स्पंज नेमके कुठे असतील, हे आधीच कसे ओळखतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात मराठीतून समुद्राविषयी बोलायला उभी राहिले, की पुढे बसलेल्यांत दांडिया बाजार-रावपुऱ्यातले निवृत्त शिक्षक असतात, सयाजीराव विद्यापीठातले संख्याशास्त्राचे आणि भूशास्त्राचे विद्यार्थी असतात, जामनगरची सहल करून आलेली कुटुंबेही असतात. समुद्र इथून दूर आहे. खोल समुद्राशी आपली जुनी ओळख म्हणजे कमाटी बागेतल्या संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा. तरीही प्रश्न फार नेमके येतात आणि बहुतेक वेळा तेच ते येतात, म्हणून त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

प्रवाळ म्हणजे नराऱ्याला किंवा पिरोटनला ओहोटीत दिसतात तेच ना? ते खोल अंधारात कसे जगतील?

कच्छच्या आखातात दिसतात ते उथळ पाण्यातले प्रवाळ. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि ते उन्हावर अन्न तयार करते. म्हणून त्यांना प्रकाश लागतो. पण प्रवाळांच्या ज्ञात प्रजातींपैकी निम्म्याहून अधिक प्रजाती ५० मीटरपेक्षा खोल पाण्यात राहतात, आणि त्यातल्या बहुतेकांचे उन्हावाचून काही अडत नाही. वरून झिरपत येणारे सेंद्रिय कण आणि प्रवाहासोबत वाहत येणारे बारीक जीव ते आपल्या मिशांनी पकडून खातात. ४ ते १२ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात ते आरामात वाढतात.

त्यांचे प्रकार अनेक. लोफेलियासारखे दगडी प्रवाळ एकावर एक वाढत जाऊन प्रवाळभिंत उभी करतात. नॉर्वेच्या किनाऱ्यासमोर २००२ साली सापडलेली रॉस्ट प्रवाळभिंत ३५ किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि ३०० ते ४०० मीटर खोलीवर आहे. काळे प्रवाळ, बांबू प्रवाळ आणि समुद्रपंखे भिंत बांधत नाहीत, ते झाडासारखे वाढतात. काही तर माणसाहून उंच होतात. एकत्र वाढले की त्यांची बाग होते, आणि त्या बागेच्या आडोशाने मासे, खेकडे, तारामासे राहतात.

आणि स्पंज? ते वनस्पती की प्राणी?

प्राणी. पाणी गाळून अन्न मिळवणारे अतिशय प्राचीन प्राणी. खोल पाण्यातल्या काचस्पंजांचा सांगाडा सिलिकाचा, म्हणजे काच ज्या पदार्थाची बनते त्याचाच असतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, हेकेट सामुद्रधुनीत, काचस्पंजांनी बांधलेल्या मोठमोठ्या भिंती आहेत. तशा भिंती डायनोसॉरांच्या काळातच संपल्या असे शास्त्रज्ञ मानत होते. १९८७ साली समुद्रतळाचे सर्वेक्षण करताना त्या जिवंत सापडल्या. साधारण ९,००० वर्षांपासून त्या वाढत आहेत.

एवढी घाई कशाची? हळूहळू शोधत राहिलो तर काय बिघडेल?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. याचे उत्तर त्यांच्या वयात आहे.

हवाईजवळच्या एका काळ्या प्रवाळाचे वय कार्बन पद्धतीने काढले, ते ४,२०० वर्षांहून अधिक निघाले. मोनोर्‍हाफिस नावाच्या काचस्पंजाला तळात रोवलेली एकच लांब सळई असते, ती ३ मीटरपर्यंत वाढते. तिच्या थरांवरून त्या स्पंजाचे वय सुमारे ११,००० वर्षे काढले गेले आहे. म्हणजे सिंधू संस्कृतीची शहरे वसण्याच्या कितीतरी आधीपासून तो एक प्राणी एकाच जागी उभा होता. लोफेलिया त्या मानाने भराभर वाढतो, तरी त्याची वाढ वर्षाला फार तर एक-दोन सेंटिमीटर.

आता त्या जागेवरून तळ खरवडणारे ट्रॉल जाळे एकदा गेले असे धरा. जाळे तळाशी राहावे म्हणून त्याला जड साखळ्या, लोखंडी चाके आणि त्याचे तोंड उघडे राहावे म्हणून दोन्ही बाजूंना शेकडो किलोचे दरवाजे लावलेले असतात. एका फेरीत बाग आडवी होते. स्कॉटलंडच्या वायव्येला सुमारे १,००० मीटर खोलीवरचे डार्विन माउंड्स हे प्रवाळांचे उंचवटे १९९८ साली सापडले. थोड्याच काळात तिथे ट्रॉल जाळ्यांच्या खुणा दिसल्या. २००३ साली तिथली तळमासेमारी तातडीने बंद करावी लागली. टास्मानिया आणि न्यूझीलंडजवळच्या सागरी पर्वतांवर मासेमारी थांबून १०-१५ वर्षे झाल्यावर पुन्हा जाऊन पाहिले, तर प्रवाळांच्या भिंती परत उभ्या राहण्याची चिन्हे जवळजवळ नव्हती.

जंगल तुटल्यावर आपल्याला दिसते तरी. इथे हजारो वर्षांचे जंगल कोणी पाहण्याआधीच संपू शकते. म्हणून आधी अंदाज, मग राखण, आणि जमेल तसतशी खातरजमा, असा क्रम लावावा लागतो.

पण थेट पाणबुडी पाठवून का पाहत नाहीत?

पाठवतात, पण किती पाहून होणार? २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार माणसाने खोल समुद्राच्या तळाचा ०.००१ टक्क्याहूनही कमी भाग डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्याने पाहिला आहे. आपल्या गोव्यापेक्षा थोडे मोठे, एवढेच ते क्षेत्रफळ. आधुनिक सोनारने, म्हणजे ध्वनिलहरींनी, तळाची उंच-सखलता मोजून झाली आहे ती जेमतेम पाव समुद्रतळाची. उरलेल्या भागाची खोली उपग्रहांनी मोजलेल्या गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकांवरून काढलेली आहे, म्हणजे मुळात तोही अंदाजच.

संशोधन जहाजाचा एकेक दिवस फार महाग असतो. दूरनियंत्रित यंत्र एका बुडीत तळावरून एखाददुसरा किलोमीटर सरकते. या गतीने सगळा समुद्र पाहायचा म्हटले तर अनेक पिढ्या जातील. कुठे पाहावे हे ठरवायलाही अंदाजाची गरज पडते.

हा अंदाज बांधतात कसा? थोडे सविस्तर सांगाल का?

दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे प्रवाळ किंवा स्पंज जिथे खरोखर सापडले त्या जागांच्या नोंदी. दुसरी म्हणजे संपूर्ण परिसरातल्या परिस्थितीचे नकाशे.

नोंदी अनेक ठिकाणांहून येतात: संग्रहालयांतले जुने नमुने, मासेमारीच्या सर्वेक्षणात जाळ्यात आलेले तुकडे, जहाजावरच्या निरीक्षकांच्या वह्या, आणि अलीकडे पाण्याखालच्या कॅमेऱ्यांच्या चित्रफिती. अमेरिकेच्या नोआ या संस्थेने खोल समुद्रातल्या प्रवाळ-स्पंजांचा मोठा नोंदसंग्रह उभारून सर्वांना खुला ठेवला आहे.

परिस्थितीच्या नकाशांत सुरुवात तळाच्या आकारापासून होते. खोली किती, उतार किती, ती जागा आजूबाजूपेक्षा उंचवट्यावर आहे की खोलगट भागात, तळ खडबडीत की सपाट. यामागे साधे कारण आहे. बहुतेक प्रवाळांच्या अळीला चिकटून बसायला टणक आधार लागतो. चिखलाने झाकलेल्या सपाटीवर तो मिळत नाही, पण चढावर, कड्यावर, कण्यावर (म्हणजे लांबट उंच रांगेवर) प्रवाह चिखल धुऊन नेतो आणि खडक उघडा राहतो. तोच प्रवाह अन्नही आणून देतो. तळाच्या आकारावरून टणक जागा आणि अन्नाचा मार्ग असे दोन्ही सुचते.

त्यानंतर पाणी. तापमान, क्षारता, विरघळलेला ऑक्सिजन, प्रवाहाचा वेग, वरच्या पाण्यातून तळापर्यंत पोहोचणारे सेंद्रिय अन्न. काचस्पंजांसाठी सिलिकेट. दगडी प्रवाळांसाठी अ‍ॅरागोनाइटची उपलब्धता, कारण त्यांचा सांगाडा त्या खनिजाचा असतो. एका ठरावीक खोलीखालच्या पाण्यात अ‍ॅरागोनाइट विरघळू लागते. उत्तर अटलांटिकमध्ये ही सीमा २,००० मीटरच्याही खाली आहे, तर उत्तर पॅसिफिकमध्ये काही ठिकाणी ती फक्त काहीशे मीटरवर येते. दगडी प्रवाळांच्या भव्य भिंती नॉर्वेला आहेत आणि अलास्काला मात्र समुद्रपंखे आणि स्पंजांच्या बागा आहेत, त्याचे एक मोठे कारण हेच.

मग संगणक या दोन्हींची सांगड घालतो. जिथे प्रवाळ सापडले तिथली परिस्थिती आणि एकूण समुद्रातली परिस्थिती यांत फरक कोणता, हे तो शिकतो. या शिकलेल्या गणितालाच मॉडेल म्हणतात. मॅक्सेंट ही पद्धत २००६ साली पुढे आली. फक्त 'सापडले' अशा नोंदींवर ती चालते, म्हणून या क्षेत्रात ती फार वापरली गेली. रँडम फॉरेस्ट या दुसऱ्या पद्धतीत शेकडो निर्णयवृक्ष, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या साखळ्या, वाढवून त्यांचे मत घेतात. आजकाल तीन-चार पद्धती एकत्र चालवून त्यांचे उत्तर जोडतात, कारण सगळ्या पद्धती जिथे एकमताने होकार देतात तिथे भरवसा अधिक. शेवटी समुद्राचा चौकटी-चौकटींचा नकाशा तयार होतो आणि प्रत्येक चौकटीला शून्य ते एक असा योग्यतेचा आकडा मिळतो. २०११ साली भिंत बांधणाऱ्या दगडी प्रवाळांसाठी असा जगभराचा नकाशा झाला, साधारण १ किलोमीटरच्या चौकटींचा. पुढच्या वर्षी समुद्रपंख्यांच्या गटाचाही आला.

नकाशात आकडा ०.८ असेल तर तिथे प्रवाळ असण्याची शक्यता ८० टक्के समजायची का?

बहुतेक वेळा नाही. तो आकडा सांगतो, की ही जागा प्रवाळ सापडलेल्या जागांसारखी किती आहे. जागा जुळते म्हणून प्रवाळ तिथे पोहोचलाच असेल असे नाही. अळी प्रवाहाबरोबर तिथवर आलीच नसेल, पूर्वी कधी जाळे फिरले असेल, किंवा चौकटीतल्या एकाच कड्यावर प्रवाळ असून बाकीचा किलोमीटर चिखल असेल. शक्यता म्हणून आकडा वाचायचा तर 'इथे पाहिले आणि नव्हते' अशा विश्वासार्ह नोंदी लागतात. त्या फार थोड्या असतात.

'नव्हते' या नोंदीला एवढे महत्त्व का?

शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, कारण भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो. समुद्रातून निवडलेली शिते मात्र कुठलीही नसतात. जहाजे बंदरांच्या जवळ फिरतात, श्रीमंत देशांच्या समुद्रात फिरतात, ट्रॉल जाळे फाटणार नाही अशा सपाट जागी सोडतात. खडकाळ, कड्यांच्या जागा, जिथे प्रवाळ असण्याचा संभव सर्वाधिक, तिथे सर्वेक्षणाचे जाळे सहसा जात नाही. शिवाय जाळ्यात नाजूक प्रवाळ मोडून गळून पडतात आणि हाती काहीच येत नाही. त्यामुळे नोंद झालेली जागा म्हणजे प्रवाळांची आवडती जागा असेल, किंवा मग नुसती जहाजांची.

यावर उपाय आहेत. सर्वेक्षण जिथे जास्त झाले तिथल्या पार्श्वभूमीशीच तुलना करणे हा एक. जवळजवळच्या नोंदी विरळ करणे हा दुसरा. पण खरा उपाय म्हणजे कॅमेरा खाली सोडून 'काही नाही' हेही तितक्याच काळजीने लिहून ठेवणे. रिकाम्या चिखलाच्या चित्रफितीचे मोल ज्यांना कळते, त्यांचीच मॉडेले पुढे टिकतात असे माझे ठाम मत आहे.

नकाशावरचा कोरा भाग वाचतानाही हेच लक्षात ठेवायला हवे. कोरे म्हणजे 'तिथे नाही' असे समजून परवानगी देऊन टाकणे ही या विषयातली सर्वांत महाग चूक आहे.

मॉडेल ९५ टक्के अचूक आहे असे लिहिलेले असते. त्यावर विश्वास ठेवावा का?

अचूकता कशी तपासली हे आधी विचारा. नोंदींपैकी काही बाजूला काढून उरलेल्यांवर मॉडेल शिकवतात आणि बाजूला काढलेल्यांवर तपासतात. पण बाजूला काढलेली नोंद शिकवलेल्या नोंदीपासून दोनशे मीटरवर असेल, तर परीक्षेत अभ्यासातलाच प्रश्न आल्यासारखे होते. गुण भरपूर मिळतात, दुसऱ्या समुद्रात गेले की उपयोग शून्य. म्हणून समुद्राचे मोठे तुकडे पाडतात, एक अख्खा तुकडा झाकतात आणि त्याचा अंदाज मागतात. गुण घसरतात, पण खरे असतात.

त्याहून चांगली परीक्षा म्हणजे प्रत्यक्ष जाणे. न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी दक्षिण पॅसिफिकमधल्या लुईव्हिल सागरी पर्वतरांगेवर आपल्याच मॉडेलांची अशी परीक्षा घेतली आणि निकाल निराशाजनक असल्याचे उघडपणे प्रसिद्ध केले. मॉडेलने भाकीत केलेल्या कितीतरी जागी प्रवाळ नव्हते. 'नाही' नोंदींचा अभाव हे एक कारण. दुसरे म्हणजे खोलीचा जागतिक नकाशाच तिथे चुकलेला होता. मला हा अभ्यास अतिशय मोलाचा वाटतो. त्यानंतर त्या भागात अधिक बारीक आणि स्थानिक माहितीवर मॉडेले नव्याने बांधली गेली. अलास्कात ट्रॉल सर्वेक्षणांवरून केलेली मॉडेले नंतर पाण्याखालच्या कॅमेऱ्यांनी तपासली. तिथे पद्धतशीर सर्वेक्षणाच्या 'आहे' आणि 'नाही' अशा दोन्ही नोंदी मुळातच होत्या, हा फार मोठा आधार होता.

नोंदी नसलेल्या समुद्रासाठी दुसऱ्या समुद्रावर शिकवलेले मॉडेल चालेल का?

जपून. लोफेलियाला पुरेसा ऑक्सिजन लागतो, असे उत्तर अटलांटिकच्या नोंदींवरून ठरले होते. मग अंगोलाच्या किनाऱ्यासमोर, अतिशय कमी ऑक्सिजनच्या पाण्यात, त्याच्या जिवंत भिंती सापडल्या. तिथे अन्न भरपूर आहे, त्या बळावर तो तग धरतो. खोल पाण्यातले प्रवाळ थंडच पाण्यात असतात असे म्हणावे, तर तांबड्या समुद्रात २० अंशांहून उबदार पाण्यात ते सापडले. उत्तर अटलांटिकवर शिकलेल्या मॉडेलने या दोन्ही जागा नाकारल्या असत्या.

नकाशा हातात आल्यावर प्रवाळ प्रत्यक्षात वाचतात कसे?

इथे आधी कायदा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००६ साली ठराव ६१/१०५ मंजूर केला. खुल्या समुद्रात, म्हणजे कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेर, तळमासेमारी करणाऱ्या देशांनी सागरी पर्वत, थंड पाण्यातले प्रवाळ यांसारख्या नाजूक परिसंस्था कुठे आहेत किंवा असण्याची शक्यता आहे ते ओळखावे, आणि तिथे मोठे नुकसान टळेल अशी व्यवस्था करता येत नसेल तर मासेमारी बंद ठेवावी, असा त्याचा आशय आहे. 'असण्याची शक्यता' या दोन शब्दांमुळे अंदाजाच्या नकाशाला कायद्यात जागा मिळाली.

त्याच साली अमेरिकेने अलास्काच्या अल्यूशियन बेटांभोवतीचा साडेनऊ लाख चौरस किलोमीटरच्या आसपासचा समुद्र तळ-ट्रॉलिंगसाठी बंद केला. तिथे वापरलेला विचार मला फार आवडतो: आजवर जिथे जाळे फिरत आले तिथे फिरू द्या, पण नव्या जागी नेऊ नका. कॅनडाच्या काचस्पंजांच्या भिंतींना २०१७ साली सागरी संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. युरोपीय संघाने २०२२ साली ईशान्य अटलांटिकमधली ८७ क्षेत्रे, एकूण १६,००० चौरस किलोमीटरहून अधिक, तळाच्या जाळ्यांसाठी बंद केली.

दक्षिण पॅसिफिकच्या मत्स्यव्यवस्थापन संघटनेत योग्यतेचे नकाशे झोनेशन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालतात. कोणत्या चौकटी राखल्या तर अधिकात अधिक अधिवास वाचेल आणि मासेमारीला कमीत कमी झळ बसेल, याचा क्रम ते लावून देते. अंतिम निर्णय माणसांचाच, आणि त्यावर वाद होतात. व्हावेतही.

उलटी गोष्टही घडते. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यासमोरचा ब्लेक पठाराचा बराचसा भाग वाळूची ओसाडी समजला जाई. सोनारने बारकाईने मोजल्यावर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे ८३,९०८ प्रवाळ-उंचवटे मोजले गेले. सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा हा पट्टा आज माहीत असलेला खोल प्रवाळांचा सर्वांत मोठा अधिवास आहे.

यात मच्छीमारांचे नुकसान होत नाही का?

काहींचे होते, आणि ते नाकारून चालणार नाही. पण आपल्याकडचे चित्र नीट पाहा. वेरावळचे बहुतेक ट्रॉलर खंडमंचावरच्या उथळ पाण्यातच जाळी ओढतात. खोल प्रवाळांच्या जागेशी त्यांचा संबंध क्वचित येतो. कोल्लमसारख्या बंदरांतून खोल पाण्यातल्या कोळंबीसाठी जाणाऱ्या बोटींचा अधिक येऊ शकतो. अशा ठिकाणी बोटीवरच्या माणसांना सुरुवातीपासून सोबत घ्यायला हवे. कोणत्या जागी जाळे अडकते, फाटते, जाळ्यात 'झाड' येते, हे तांडेलाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. ही माहिती मिळाली तर मॉडेल सुधारते, आणि बंद करायच्या जागेची हद्दही नेमकी आखता येते. मोठा चौकोन बंद करण्यापेक्षा नेमका कणा बंद करणे सर्वांच्याच हिताचे.

भारताच्या समुद्रात खोल प्रवाळ आहेत का?

आहेत, आणि याची माहिती सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजाने हिंदी महासागरातून गोळा केलेल्या खोल पाण्यातल्या दगडी प्रवाळांचे वर्णन प्राणिशास्त्रज्ञ आल्कॉक यांनी १८९८ साली प्रसिद्ध केले. पण पाण्याखालच्या कॅमेऱ्यांनी केलेले पद्धतशीर सर्वेक्षण आपल्या सुमारे २३ लाख चौरस किलोमीटरच्या विशेष आर्थिक क्षेत्राच्या मानाने फार तोकडे आहे.

अरबी समुद्राची स्वतःची एक अट आहे. साधारण १५० ते १,००० मीटरच्या दरम्यान इथे ऑक्सिजन अत्यंत कमी असलेल्या पाण्याचा जाड थर आहे. जगातल्या सर्वांत ठळक अशा थरांपैकी तो एक. जगाच्या नकाशावर लोफेलियासारख्या प्रवाळांची जी आवडती खोली, नेमकी तीच इथे गुदमरलेली. मग अरबी समुद्रात प्रवाळ त्या थराच्या खालच्या बाजूला शोधावेत का? थराच्या काठाकाठाने, जिथे अन्न भरपूर आणि ऑक्सिजन जेमतेम पुरेसा, तिथे एखादी जात अंगोलासारखी तग धरून असेल का? बंगालच्या उपसागरात आणि अंदमानजवळ परिस्थिती पुन्हा वेगळी. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगते, की आपल्या समुद्रासाठी आपल्या नोंदींवर बांधलेले मॉडेल हवे. जगाचा नकाशा कापून भारताचा भाग चिकटवणे पुरेसे नाही.

बडोदेकरांना एक गोष्ट आवडेल. मुंबईच्या पश्चिमेला, अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्याच्या तळावर, रमण, पणिक्कर आणि वाडिया अशी नावे दिलेले समुद्राखालचे पर्वत आहेत. यातले दाराशा वाडिया हे भूशास्त्रज्ञ सुरतेत जन्मले आणि आपल्या बडोदा कॉलेजात शिकले. आजूबाजूच्या मऊ गाळाच्या मैदानातून वर आलेले असे पर्वत टणक आधार देऊ शकतात. मॉडेल बांधणाऱ्याची नजर आधी तिथेच जाईल.

काम पुढे सरकते आहे. कोचीची सागरी सजीव संपदा व परिसंस्था केंद्र ही संस्था 'सागर संपदा' जहाजावरून जीवसृष्टीची सर्वेक्षणे करते. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. २०२१ साली मंजूर झालेल्या ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेत जैवविविधतेचा अभ्यास हा एक भाग आहे, आणि ६,००० मीटरपर्यंत माणसे नेणारी 'मत्स्य-६०००' पाणबुडी तयार होते आहे. तिने खनिजांच्या जोडीला प्रवाळ-स्पंजांच्या नोंदीही तितक्याच नेमाने घ्याव्यात अशी माझी तळमळीची इच्छा आहे. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये खुल्या समुद्रातील जैवविविधतेच्या करारावर सहीही केली आहे. खुल्या समुद्रात संरक्षित क्षेत्रे आखण्याची वाट त्या कराराने मोकळी होते.

समुद्र तापतो आहे. मग आजचा नकाशा उद्या उपयोगी पडेल का?

काही भागांत पडणार नाही. उत्तर अटलांटिकसाठी २०२० साली झालेल्या अभ्यासात, उत्सर्जन असेच चढे राहिले तर शतकाअखेर थंड पाण्यातल्या प्रवाळांचा योग्य अधिवास प्रजातीनुसार २८ ते १०० टक्के घटेल, असा अंदाज आला. पाणी तापते, ऑक्सिजन घटतो, अ‍ॅरागोनाइटची सीमा वर सरकते आणि तळाकडे झिरपणारे अन्न कमी होते. त्यामुळे आज योग्य असलेल्या आणि शतकाअखेरही योग्य राहतील अशा जागा वेगळ्या काढतात. माझ्या मते पहिले संरक्षण त्यांना मिळावे.

बडोद्यात बसून, जहाजावर न जाता, यात काही करता येईल का?

नक्की येईल. या विषयातले बरेचसे काम टेबलाशी बसूनच होते. तळाच्या खोलीचा गेब्को हा जागतिक नकाशा मोफत मिळतो, महासागराच्या तापमान-ऑक्सिजनचे संग्रह मोफत मिळतात, जीवनोंदींचा ओबिस हा संग्रह खुला आहे. नकाशांसाठीचे क्यूजीआयएस आणि संख्याशास्त्रासाठीचे आर ही सॉफ्टवेअरही मोफत आहेत. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे नमुना निवडीतल्या पक्षपातावर करण्याजोगे खूप आहे. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला तळाचा आकार वाचता येतो, आणि कच्छच्या जुरासिक खडकांतले प्रवाळांचे जीवाश्म त्याने हातात घेतलेले असतात.

सुरुवात छोटी करा. एकच प्रजाती किंवा एकच गट घ्या, एकच समुद्र घ्या. पहिला नकाशा झाला की त्याच्या शेजारी दुसरा काढा: कोणत्या चौकटीत मॉडेलला स्वतःचीच खात्री नाही, याचा. ज्या कामात हा दुसरा नकाशा नाही ते मी अपुरे समजते.

द्वारका-ओखा बाजूला किनाऱ्यावर प्रवाळाचा सुंदर तुकडा सापडला. घरी आणून शोकेसमध्ये ठेवला तर चालेल?

नाही. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मेलेला तुकडाही उचलू नका, विकत घेऊ नका, आणि 'समुद्री झाड' म्हणून देव्हाऱ्याशेजारी ठेवायला कोणी देऊ केले तरी घेऊ नका. ते बहुतेक वेळा समुद्रपंख्याचे किंवा काळ्या प्रवाळाचे असते. कच्छच्या आखातातल्या जामनगरच्या किनाऱ्याचा काही भाग तर १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तुकडा होता तिथेच ठेवा, शेजारी नाणे किंवा पेन ठेवून फोटो घ्या, जागा आणि तारीख लिहा. समुद्रपंखा किंवा काळा प्रवाळ वाटला तर तो फोटो वनखात्याच्या कार्यालयाला किंवा विद्यापीठातल्या प्राणिशास्त्र विभागाला दाखवा.